धर्माच्या गाईचे दात

धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत, असे आपल्याकडे म्हणतात. कोणी काही फुकट दिले तर ते निमूटपणे घ्यावे, त्याची पारख करीत बसू नये, हा त्याचा अर्थ. सणासुदीच्या दिवसांत हे शहाणपण फार उपयोगी पडते. शेजारून आलेल्या फराळातली चकली मऊ पडलेली असली तरी आपण ती आनंदाने खातो आणि ताट परत करताना त्यात आपल्या घरचे चार लाडू ठेवतो. घेणाऱ्याने दात पाहू नयेत हे अगदी ठीक आहे. पण देणाऱ्याने ते पाहावेत की नाही? म्हणीत त्याविषयी एक अक्षर नाही.

कठोपनिषदात मात्र आहे. नचिकेत्याच्या पित्याने यज्ञात सर्वस्व दान करण्याचे योजले आणि दानासाठी ज्या गाई बाहेर काढल्या त्या म्हाताऱ्या, आटलेल्या, पुन्हा कधी वासरू न व्हावयाच्या अशा होत्या. त्या नेणाऱ्या ब्राह्मणांनी तक्रार केल्याचे कथेत कोठे आलेले नाही. त्यांनी दात पाहिले नसावेत. पाहिले ते घरातल्या पोराने. त्याने बापाला विचारले, "मला कोणाला देणार?" आणि बाप संतापला. कथेचा पुढचा भाग आत्मविद्येसाठी प्रसिद्ध आहे, पण मला तिची सुरुवातच अधिक विचारात पाडते. दानाची पारख करण्याचा अधिकार घेणाऱ्याला नसेल, पण देणाऱ्याच्या घरातला तो अधिकार संपत नाही, असे तीत सुचविलेले दिसते. हे खरे आहे काय? फुकट दिलेल्या वस्तूची जबाबदारी देणाऱ्यावर उरते काय, आणि उरत असेल तर किती?

हा प्रश्न आज ज्या ठिकाणी रोजच्या रोज उभा राहतो ते ठिकाण यज्ञमंडपापासून फार दूर आहे. संगणकाच्या जगात गेल्या काही दशकांत जेवढे दान झाले आहे तेवढे दुसऱ्या कोठल्या धंद्यात झाले असेलसे वाटत नाही. आपण घरबसल्या विजेचे बिल भरतो, गाडीचे तिकीट काढतो, मुलाचा निकाल पाहतो, त्यामागे चालणाऱ्या यंत्रणेतला पुष्कळसा भाग कोणी तरी लिहून जगाला फुकट देऊन टाकलेला असतो. अमेरिकेत १९९९ साली स्थापन झालेले अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन हे अशा दानाचे एक मोठे कोठार आहे. ही संस्था प्रोग्राम लिहिण्याबद्दल कोणास वेतन देत नाही. लिहिणारे आपापल्या नोकऱ्या सांभाळून किंवा नोकरीचाच भाग म्हणून लिहितात, आणि तयार झालेली वस्तू कोणीही न्यावी, वापरावी, तिच्यावर पैसेही मिळवावेत, अशी मुभा असते.

त्या कोठारातली एकच वस्तू उदाहरणासाठी घेतो. तिचे नाव टॅपेस्ट्री. टॅपेस्ट्री म्हणजे विणतानाच ज्यात चित्र उमटवतात असे वस्त्र. आपल्या पैठणीच्या पदरावरचे मोर आणि वेलबुट्ट्या ह्याच जातीच्या विणीने निघतात. हॉवर्ड लुईस शिप नावाच्या अमेरिकन प्रोग्रामकाराने २००० सालाच्या सुमारास हे काम हाती घेतले आणि २००६ मध्ये तो अपाचीचा स्वतंत्र प्रकल्प झाला. सन मायक्रोसिस्टिम्स ह्या कंपनीने १९९५ साली जावा नावाची एक संगणकभाषा प्रसिद्ध केली होती. त्या भाषेत वेबसाइट बांधू पाहणाऱ्याला पायापासून सगळे स्वतः रचावे लागू नये म्हणून जी तयार चौकट देतात तिला फ्रेमवर्क म्हणतात. टॅपेस्ट्री ही अशी एक चौकट आहे. घर बांधणाऱ्याला खांब, तुळया, दारांच्या चौकटी तयार मिळाव्यात आणि त्याने फक्त आपल्या कुटुंबापुरता विचार करावा, तसा हा प्रकार.

ह्या चौकटीत पान तयार होते ते कंपोनंटांचे. कंपोनंट म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारा सुटा भाग: एखादा तक्ता, एखादा अर्ज, एखादे बटण. टॅपेस्ट्रीच्या कर्त्यांनी आपली जी चार तत्त्वे जाहीर केली आहेत त्यांतले पहिले असे की, रचना स्थिर असावी आणि वागणूक बदलती असावी. हे मला प्रथम उलगडले ते शाळेच्या वेळापत्रकावरून. सोमवारचा तिसरा तास मराठीचा, हे जूनमध्ये ठरते आणि वर्षभर बदलत नाही. पण त्या तासाला व्याकरण चालेल की कविता, आजारी मास्तरांच्या जागी कोण उभे राहील, हे त्या दिवशी ठरते. तास रोज नव्याने मांडावे लागले असते तर शाळा चाललीच नसती. आणि तासात काय शिकवायचे तेही जूनमध्येच शब्दशः ठरले असते तर ती चालण्यात काही अर्थ नव्हता. टॅपेस्ट्रीतही कोणत्या पानात कोणते कंपोनंट कोठे बसतात हे आधीच पक्के होते. म्हणून एकच तयार केलेली रचना हजारो लोकांच्या कामी येते आणि प्रत्येकासाठी ती नव्याने उभारण्याचे कष्ट वाचतात. त्या पक्क्या रचनेत काही भाग दाखवावा की लपवावा, एखादी ओळ किती वेळा यावी, हे मात्र प्रसंगानुसार बदलते.

अर्थात माणसाची हौस तेवढ्यावर भागत नाही. रचनाही थोडी सैल असावी, असे वापरणाऱ्यांना वाटू लागते. बीनएडिटफॉर्म नावाचा ह्यातला एक कंपोनंट माहितीचा नमुना पाहून स्वतःच अर्ज तयार करतो: नाव असेल तेथे मजकुराची जागा, होय-नाहीचा प्रश्न असेल तेथे खूण करण्याची चौकोनी जागा. २०११ साली ५.३ ह्या आवृत्तीत डायनॅमिक ह्याच नावाचा एक कंपोनंट आला. पानाचा साचा कोठला घ्यायचा हे त्याला प्रोग्राम चालू असताना सांगता येते. बाहेरच्या साच्यात खुणेच्या जागा ठेवलेल्या असतात आणि तेथे ज्याचा त्याचा मजकूर बसतो. एकाच दुकानाला दिवाळीत एक पाटी आणि संक्रांतीला दुसरी लावता यावी आणि दुकान मात्र पाडावे लागू नये, अशी ही सोय.

अशी सोय वाढवणे ही एका प्रकारची सुधारणा. दुसऱ्या प्रकारची सुधारणा म्हणजे ती सोय नीट समजावून सांगणे. तिला ह्या धंद्यात डॉक्युमेंटेशन म्हणतात. आपण तिला टीका म्हणू, जुन्या अर्थाने. पहिल्या सुधारणेला उत्साही माणसे भरपूर मिळतात. दुसरीला मिळत नाहीत. नवी खोली बांधणाऱ्याचे कौतुक होते. जिन्यात दिवा लावणाऱ्याकडे कोणी पाहत नाही, आणि तो दिवा नसेल तर नवख्या पाहुण्याला त्या खोलीपर्यंत पोचताच येत नाही.

असे का व्हावे? आळस हे एक कारण आहे, पण ते मोठे नाही. मोठे कारण हे की, ज्याने वस्तू बनविली त्या एकट्याच माणसाला तिच्या टीकेची गरज नसते. मी वर्गात वीस वर्षे उभा आहे आणि हे रोज पाहतो. अपूर्णांकांचा भागाकार ज्याला सहज येतो त्याला, मुलगा नेमका कोणत्या पायरीवर अडला आहे, ते सांगूनही दिसत नाही. त्याच्या डोक्यात पायऱ्या उरलेल्याच नसतात. तो गच्चीवर असतो. पहिल्या बाकावरची हुशार मुलगी शेवटच्या बाकावरच्या मैत्रिणीला कधी कधी माझ्यापेक्षा चांगले समजावते, ह्याचे कारण तिला ते नुकतेच समजलेले असते आणि अडलेली जागा अजून दुखत असते.

जावा भाषेच्या कर्त्यांनी ह्यावर एक युक्ती काढली. प्रोग्राम लिहितानाच, ज्या ओळींविषयी सांगायचे त्यांच्या डोक्यावर, ठरावीक खुणेने स्पष्टीकरण लिहावे. मग जावाडॉक नावाचे साधन ती सगळी स्पष्टीकरणे गोळा करून त्यांचा ग्रंथ तयार करते. टॅपेस्ट्रीतही कंपोनंटाला काय काय पुरवावे लागते ह्याची यादी अशी कोडातूनच निघते. ही युक्ती चांगली आहे. वस्तू बदलली की यादीही बदलते, दोहोंत अंतर पडत नाही. पण यादी म्हणजे टीका नव्हे. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर "मोहरी", "हिंग", "मेथी" अशा चिठ्ठ्या लावल्या म्हणून नव्या सुनेला आमटी येत नाही. हिंग केव्हा घालायचे, मेथी किती वेळ तळली म्हणजे कडू होते, आणि मुळात ह्या घरात आमटी आंबटगोड का करतात, हे तिला कोणी तरी सांगावे लागते. "काय" हे यंत्र सांगू शकते. "का" आणि "केव्हा" हे लिहायला माणूसच बसावा लागतो.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास ह्याच कामात आहे. एका फुकट मिळालेल्या चौकटीतल्या एका बदलत्या कंपोनंटापाशी तो चार संध्याकाळी अडून बसला होता. एक किंमत पुरवायची, हे पुस्तिकेत लिहिलेले होते. ती किंमत पान उभे राहताना एकदाच वाचली जाते की पान दाखवताना दर वेळी, हे लिहिलेले नव्हते. चौथ्या रात्री त्याने मूळ कोड वाचून ते शोधून काढले. मग त्याने काय करावे? त्याने एक परिच्छेद लिहिला आणि कर्त्यांकडे पाठवून दिला. तो त्यांनी घेतला. त्याखाली त्याचे नाव नाही. मी त्याला म्हटले, "तुझ्या चार संध्याकाळी गेल्या त्या गेल्याच की!" तो म्हणाला, "सर, माझ्या गेल्या. पण आता पुढच्याच्या जाणार नाहीत."

येथवर सगळे गोड आहे. पण आता देणाऱ्याची बाजू ऐकली पाहिजे, कारण ती कमकुवत नाही. तो म्हणेल, "मी माझ्या रात्री जाळून ही वस्तू केली आणि एक पैसा न घेता दिली. वर ती मीच समजावून सांगावी, असा आग्रह तुम्ही कोणत्या अधिकाराने धरता? मी देताना काय लिहून दिले आहे ते वाचा." आणि खरोखरच तसे लिहिलेले असते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अपाची परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीत साफ म्हटले आहे की, वस्तू "जशी आहे तशी" दिली जात आहे. तिच्याबद्दल कसलीही हमी नाही. ज्याने घेतली त्याने ती अट मान्य करून घेतली. कायद्याच्या दृष्टीने व्यवहार येथे मिटला.

कायदा मिटला म्हणून कर्तव्य मिटले काय, हा प्रश्न आपण भारतीय माणसे चटकन "नाही" म्हणून सोडवतो. तसे करू नये. त्या कर्त्यावर उपकाराचे ओझे लादून आपण मोकळे होतो, आणि ते अन्यायाचे आहे. प्रश्न सोडवायचा तर दानाच्या ह्या व्यवहारात नेमकी किती माणसे आहेत, हे आधी मोजले पाहिजे. म्हण दोनच माणसे धरते: देणारा आणि घेणारा. परवानाही दोनच धरतो. पण गाय घरी आल्यावर तिचे दूध कोण पितो? घरातली पोरे पितात. त्यांनी गाय दिलेली नसते, मागितलेली नसते, आणि कोणत्याही कागदावर त्यांची सही नसते.

२०१७ साली अमेरिकेत हे फार मोठ्या प्रमाणावर दिसून आले. स्ट्रट्स ही जावाचीच दुसरी एक फुकट मिळणारी चौकट आहे. तिच्यात बदलती वागणूक साधण्यासाठी, मजकुरात आलेली सूत्रे चालत्या प्रोग्रामात सोडवून पाहण्याची सोय होती. फाइल पाठवताना विनंतीच्या माथ्यावरचा मजकूर चुकीचा असला तर चूक दाखवणारे वाक्य तयार होई, आणि ते तयार करताना बाहेरून आलेला तो मजकूरच सूत्र समजून चालवला जाई. म्हणजे दारावर आलेला परका मनुष्य जे बोलेल ती घरातल्या गड्याला मालकाची आज्ञा वाटावी, तसे झाले. दोष उघडकीला आल्यावर कर्त्यांनी मार्च महिन्यात दुरुस्ती प्रसिद्ध केली. इक्विफॅक्स ह्या लोकांची पत नोंदवून ठेवणाऱ्या कंपनीने मात्र ती आपल्या एका यंत्रणेत वेळेवर बसविली नाही. मे ते जुलैच्या दरम्यान चोर आत शिरले होते. सुमारे १४ कोटी ७० लाख माणसांची खाजगी माहिती गेली. सप्टेंबरात ही गोष्ट जगाला कळली. त्या १४ कोटी ७० लाखांपैकी कितींनी स्ट्रट्स हे नाव ऐकले असेल? त्यांनी ती गाय दिली नव्हती आणि घेतलीही नव्हती.

ह्या प्रसंगात देणाऱ्यांनी निदान आपली दुरुस्ती वेळेवर जाहीर केली. घेणाऱ्याने ती घेतली नाही. म्हणून मला वाटते, "घेणाऱ्याने दात पाहू नयेत" हा शहाणपणासुद्धा दोघांपुरताच खरा आहे. आपण स्वतःच दूध पिणार असू तर दात पाहणे हा उद्धटपणा होईल. पण ते दूध आपण गावाला विकणार असू, तर गाईचे दात पाहणे, तिला वेळच्या वेळी डॉक्टरला दाखवणे, हे आपले कर्तव्यच होय. तेथे भिडस्तपणा हा गुन्हा ठरतो.

देणाऱ्याकडे वळतो. तिसरा मनुष्य मोजल्यावर त्याचे कर्तव्य काय ठरते? जन्मभर राबत राहणे, हे तर नक्कीच नव्हे. मला वाटते ते एवढेच: आपल्या गाईचे तोंड त्याने स्वतः उघडून दाखवावे. दात किडके असले तरी चालेल. पण ते घेणाऱ्याला दिसू द्यावेत. काय होते, काय होत नाही, काय बाहेरच्याने वापरावे आणि काय वापरू नये, हे लिहून द्यावे. टीका म्हणजे हेच. ती दानावर वाढलेली वेगळी दक्षिणा नाही. आपण नेमके काय दिले हे सांगितल्याशिवाय देणे पुरे होत नाही.

टॅपेस्ट्रीच्या इतिहासात ह्या विचाराचा एक धडा सापडतो. तिची पाचवी आवृत्ती, जी २००८ च्या अखेरीस पक्की होऊन बाहेर पडली, ती पायापासून नव्याने लिहिलेली होती. ती जुनीपेक्षा पुष्कळ सुटसुटीत होती. पण चौथ्या आवृत्तीवर ज्यांनी आपली कामे उभारली होती त्यांना ती सरळ उचलून नव्या चौकटीत ठेवता येत नव्हती. सुधारणा झाली, आणि ती करताना कित्येकांच्या घरांचे खांब जुने ठरले. कर्त्याने काय करावयास हवे होते? चुकलेले घर सुधारू नये काय? की एकदा दिलेला शब्द, तो तोंडाने उच्चारलेला नसला तरी, पाळावा?

तेथल्या मंडळींनी ह्यावर जे उत्तर काढले ते त्यांच्या चार तत्त्वांतल्या शेवटच्या दोहोंत आहे. एक असे की, बाहेरच्यांनी वापरावयाचा भाग कोणता आणि आतला खाजगी भाग कोणता, हे स्पष्ट वेगळे ठेवावे. दुसरे असे की, येथून पुढे जुन्याशी मेळ राखावा. ही दोन तत्त्वे एकमेकांना धरून आहेत, हे थोड्या विचारांती कळते. सगळेच राखीन, असे म्हणणारा काहीच सुधारू शकणार नाही. काहीच राखणार नाही, असे म्हणणाऱ्यावर कोणी घर बांधणार नाही. म्हणून आधी सांगायचे की, एवढ्यापुरता माझा शब्द. ह्यापलीकडे मी उद्या बदल करीन, तेथे खांब रोवू नका. आपल्या शब्दाची हद्द जो आधी दाखवतो त्यालाच तो पाळता येतो. आणि ती हद्द लिहायची जागा कोणती? पुन्हा तीच, टीकेचे पान. जेथे ते पान कोरे असते तेथे वस्तूची प्रत्येक सवय, चुकून पडलेलीसुद्धा, लोक वचन समजून बसतात.

शब्द पाळण्यालाही मर्यादा असते, हे २०२१ च्या डिसेंबरात दिसले. लॉगफोरजे हे अपाचीकडचेच एक साधन. जावात लिहिलेले प्रोग्राम आपली रोजनिशी लिहिण्यासाठी ते वापरतात. रोजनिशीत लिहावयाच्या मजकुरात विशिष्ट खूण आली तर बाहेरून माहिती, आणि तिच्याबरोबर परका प्रोग्रामही, आणता येईल, अशी एक सोय त्यात २०१३ पासून होती. वापरणाऱ्या पुष्कळांना तिची कल्पनाही नव्हती. तिच्यातून केवढे भगदाड पडते हे कळल्यावर जगभर धावाधाव झाली. साधन सांभाळणारी मूठभर मंडळी रात्रंदिवस दुरुस्त्या करीत राहिली, खुलासे लिहीत राहिली. त्या एका महिन्यात त्यांना लागोपाठ अनेक आवृत्त्या काढाव्या लागल्या. आणि त्याच वेळी लोक त्यांना शिव्या देत होते. त्यांच्यापैकी एकाने तेव्हा जाहीरपणे बोलून दाखविले की, ही सोय आम्हालाही आवडत नव्हती, पण जुन्या वापरणाऱ्यांशी मेळ राखायचा म्हणून ठेवावी लागली. आणि ह्या सगळ्या कामाचे आम्हाला कोणी पैसे देत नाही.

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले आहे. शब्द पाळण्यासाठी त्यांनी नावडती वस्तू घरात ठेवली, आणि तिने घर पेटले. मग शब्द पाळणे चूक होते काय? तसे मी म्हणणार नाही. पण दोघांमधला शब्द तिसऱ्या निरपराध माणसाला जाळू लागला तर तो मोडलाच पाहिजे. मोडताना मात्र तसे उघड सांगितले पाहिजे. भीष्माची प्रतिज्ञा आपण लहानपणापासून मोठ्या आदराने ऐकतो. परंतु त्या प्रतिज्ञेची किंमत ज्यांनी मोजली त्यांत भीष्म एकटा नव्हता, हे मोठेपणी ध्यानात येते.

आणि त्या शिव्या देणाऱ्यांचे काय? वर्षानुवर्षे त्यांनी ते साधन फुकट वापरले. गाईला एक पेंढी चारा घातला नाही आणि लाथ बसल्यावर मात्र मूळ मालकाच्या दारात जाऊन ओरडले. आपल्या समाजात घेण्याची लाज पूर्वी एका रीतीने राखली जाई. ताट रिकामे परत करावयाचे नाही, एवढीच ती रीत. ती फार शहाणपणाची होती. तिच्यात हिशेब नव्हता. कोणी चकल्या मोजून लाडू देत नाही. पण ताट रिकामे गेले नाही म्हणजे पुढच्या वर्षी ते पुन्हा येते.

फुकट मिळालेल्या ह्या चौकटींचे ताट कसे भरून पाठवावे? ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी पैसा द्यावा, हे उघड आहे. पण ज्याच्याजवळ काहीच नाही, जो कालच शिकायला बसला आहे, त्याच्याजवळही एक वस्तू असते, आणि ती कर्त्याजवळ नसते. ती म्हणजे त्याचे ताजे अज्ञान. कोठे पाय अडखळला, कोणता शब्द दोनदा वाचूनही कळला नाही, हे त्यालाच ठाऊक असते, आणि तेही थोडे दिवस. पंधरा-वीस दिवसांत तो सरावतो आणि आपण कोठे अडलो होतो हेच विसरतो. मग तोही गच्चीवरचा होतो. त्या थोड्या दिवसांत त्याने एक परिच्छेद लिहून पाठवावा. टॅपेस्ट्रीच्या जुन्या काळापासून तिच्या कर्त्यांनी एक गोष्ट मोठ्या आस्थेने केली आहे: वापरणाऱ्याने एखादे नाव चुकीचे लिहिले तर यंत्र नुसते "चूक" म्हणून गप्प बसत नाही, जी नावे चालली असती त्यांची यादी पुढे ठेवते. ही चांगल्या मास्तरांची रीत आहे. "चुकलास" एवढेच म्हणणारा परीक्षक असतो, "ह्यांपैकी कोणते म्हणायचे होते तुला?" असे विचारणारा शिक्षक असतो. पण तसे विचारता येण्यासाठी, मुले कोठे चुकतात हे कोणी तरी आधी येऊन सांगावे लागते.

टीका लिहिणे हे दुय्यम काम आहे, असा समज आपल्याकडे तरी असू नये. मराठी भाषेचे सर्वांत मोठे धन शके १२१२ मध्ये लिहिलेली एक टीकाच आहे. गीता तेव्हाही होती. पण ज्यांना संस्कृत येत नव्हते त्यांच्यासाठी ती बंद कपाटातली वस्तू होती. ज्ञानेश्वरांनी कपाट उघडले. ते करताना त्यांनी मूळ ग्रंथाचे नाव पुसले नाही आणि स्वतःच्या कामाला कमीही लेखले नाही. संगणकाच्या पुस्तिकेची तुलना मी ज्ञानेश्वरीशी करीत नाही, हे वाचकांनी कृपा करून ध्यानात घ्यावे. दोहोंच्या मागचा प्रश्न मात्र एकच आहे. ज्ञान आपल्याजवळ आहे. ज्याच्याजवळ ते नाही आणि ज्याचे तोंडही आपण कधी पाहणार नाही, त्याचे आपण काही लागतो की नाही?

एक गोष्ट अजून सांगावयाची राहिली. देणारा थकतो. त्याला संसार असतो, आजारपण असते, कधी त्या वस्तूचा कंटाळाही येतो. त्याने थांबावे की नाही? थांबावे. दानाने मनुष्य वेठीला धरला जाऊ नये. पण थांबताना "मी थांबलो" असे दारावर लिहून जावे. अपाचीने २००८ मध्ये अ‍ॅटिक नावाचा एक विभाग काढला. अ‍ॅटिक म्हणजे घराचा माळा. जे प्रकल्प कोणी सांभाळत नाही ते तेथे नीट ठेवतात आणि तशी पाटी लावतात. वस्तू फेकली जात नाही, कोणाला हवी तर नेता येते. पण हिच्यामागे आता कोणी उभे नाही, हे येणाऱ्याला पहिल्या पायरीवरच कळते. मला ही कल्पना फार सभ्य वाटली. पुष्कळ घरांत, पुष्कळ संस्थांत, आणि क्वचित पुष्कळ नात्यांतही, काम संपलेले असते पण पाटी लावण्याचे धैर्य कोणास होत नाही, आणि येणारा मनुष्य बंद दारावर वर्षानुवर्षे थापा मारीत बसतो.

तेव्हा फुकट दिलेल्या वस्तूची जबाबदारी उरते, असेच माझे उत्तर आहे. पण ती राबण्याची जबाबदारी नसून खरे सांगण्याची आहे. घेणाऱ्यावरही ती उरते. ज्यांना तो दूध पाजणार आहे त्यांच्यासाठी त्याने डोळे उघडे ठेवावेत आणि जेथून गाय आली त्या दारी थोडा चारा पोचवावा. नचिकेत्याने बापाला जो प्रश्न विचारला तो त्या काळी उर्मटपणाचा वाटला आणि पोराला यमाच्या दारी जाऊन तीन रात्री उपाशी बसावे लागले. पण तो प्रश्न घरातल्या माणसानेच विचारायचा असतो. तो घरात विचारला गेला नाही, तर तो बाहेरच्या तिसऱ्या माणसाला विचारावा लागतो, आणि तोवर त्याचे नुकसान होऊन गेलेले असते.